साठ सेकंद आणि अर्धा गुण

बुद्धिबळात वेळ हीसुद्धा मोहऱ्यांसारखीच संपत्ती असते. ती जपून वापरता येते, उधळता येते आणि प्रतिस्पर्ध्याकडून हिरावूनही घेता येते. पारंपरिक स्पर्धांत ही गोष्ट सहसा डावाच्या चौथ्या-पाचव्या तासाला जाणवू लागते, पण संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या अतिजलद डावांत ती पहिल्या चालीपासून प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी असते. या प्रकाराचा अभ्यास करायचा तर अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा याच्या खेळाइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. त्याचे डोळे आणि बोटे इतरांपेक्षा चपळ आहेत एवढ्यावरच त्याच्या यशाचा उलगडा करण्याची पद्धत रूढ असली तरी ती अपुरी आहे, कारण त्याचा वेग मुख्यतः कोणती स्थिती पटावर आणायची या निवडीतून येतो; आणि २०२२ व २०२४ अशा दोन्ही वेळी जगज्जेतेपदाच्या लढतीला त्याला मुकावे लागले, त्याच्या कारणांचा मागही याच निवडीपर्यंत जातो.

एका चालीला सरासरी किती अवधी मिळतो हे पाहिले की वेगवेगळ्या प्रकारांतला फरक लगेच लक्षात येतो. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत २०२४ साली पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटे होती, म्हणजे चालीमागे तीन मिनिटे. तीन मिनिटांच्या ब्लिट्झ डावात त्याच ४० चालींसाठी प्रत्येकी साडेचार सेकंद उरतात, तर एका मिनिटाच्या डावात, ज्याला बंदुकीच्या गोळीवरून ‘बुलेट’ म्हणतात, अवघे दीड सेकंद. काही डावांत प्रत्येक चालीनंतर घड्याळात एक-दोन सेकंदांची भर पडते. अशी भर नसेल, तर पटावर वजीर जास्त असलेला खेळाडूही वेळ संपली म्हणून हरू शकतो.

पडद्यावरच्या खेळाने यात आणखी एका साधनाची भर घातली आहे. प्रतिस्पर्धी विचार करत असतानाच आपली पुढची चाल माउसने आधी नोंदवून ठेवता येते आणि त्याची चाल होताच ती आपोआप अमलात येते. हिला ‘प्रीमूव्ह’ म्हणतात. चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर अशा चालीला सेकंदाचा केवळ दहावा भाग लागतो. धोका मात्र उघड आहे, कारण प्रतिस्पर्ध्याने अपेक्षेपेक्षा वेगळे काही खेळले आणि नोंदवलेली चाल तरीही नियमात बसत असली, तर ती होऊनच जाते आणि एखादा हत्ती फुकट जातो. समोरच्याची कोणती चाल जवळजवळ अटळ आहे हे ओळखणे हे म्हणूनच स्वतंत्र कौशल्य ठरते आणि नाकामुराच्या खेळात ते विलक्षण विकसित झालेले दिसते.

९ डिसेंबर १९८७ रोजी जपानमधील हिराकाता येथे जन्मलेला नाकामुरा बालपणीच अमेरिकेत आला. मूळचे श्रीलंकेचे बुद्धिबळ प्रशिक्षक सुनील वीरमंत्री हे त्याचे सावत्र वडील. २००३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो ग्रँडमास्टर झाला आणि त्या काळी सर्वांत लहान वयात हा किताब मिळवणाऱ्या अमेरिकी खेळाडूचा बॉबी फिशरचा विक्रम त्याने मोडला. इंटरनेट चेस क्लबवर ‘स्मॉलविल’ या नावाने तो हजारो डाव खेळला, आणि २००९ साली ब्रूस हार्पर यांच्यासह त्याने एका मिनिटाच्या खेळावर पुस्तकही लिहिले. जो प्रकार अनेक मान्यवर निव्वळ करमणूक समजत होते, त्याला शिस्तबद्ध अभ्यासाचा विषय मानणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

त्याच्या शैलीचे पहिले अंग म्हणजे सुरुवातीच्या चालींची काटकसर. ब्लिट्झमध्ये तो पुष्कळदा वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो आणि त्यामागे उंट आणून त्याला लांब कर्णावर बसवतो. निम्झोविच आणि डेन्मार्कचा बेंट लार्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी पांढऱ्याला फारसा लाभ देत नाही, पण काळ्याने काहीही उत्तर दिले तरी साधारण त्याच चाली करता येत असल्याने वेळ वाचतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाठांतराला वावही उरत नाही. प्रयोगाची ही सवय कधीकधी पारंपरिक डावातही उतरली. २००५ सालच्या सिगेमन स्पर्धेत भारताच्या कृष्णन शशिकिरणविरुद्ध त्याने दुसऱ्याच चालीला वजीर थेट पटाच्या कडेपर्यंत बाहेर काढला आणि तो डाव गमावला.

दुसरे अंग अधिक महत्त्वाचे आहे, आणि प्रेक्षकाच्या नजरेतून सहज निसटणारे. वेगवान खेळात सतत शह देत आणि मोहरी मारत राहावे, असे नवख्याला वाटते. पण ज्या चालीला एकच उत्तर असते ते उत्तर द्यायला प्रतिस्पर्ध्याला वेळच लागत नाही, किंबहुना मोहऱ्याची परतफेड तो प्रीमूव्हनेच करून टाकतो. ज्या स्थितीत तीन-चार उत्तरे जवळजवळ सारखीच चांगली असतात, तिथे मात्र त्याला निवड करावी लागते आणि निवड करताना सेकंद जातात. नाकामुरा मोहऱ्यांची अदलाबदल लांबवतो, प्याद्यांमधला ताण सोडवण्याची घाई करत नाही, राजा सुरक्षित घरी ठेवून घोडा इकडून तिकडे फिरवतो, आणि अशा शांत दिसणाऱ्या प्रत्येक चालीने समोरच्याच्या घड्याळातला थोडा थोडा वेळ काढून घेतो. प्रतिस्पर्ध्यापाशी आठ सेकंद आणि त्याच्यापाशी वीस अशी स्थिती आली, की तीच गुंतागुंत अचानक धारदार होते. खराब स्थितीतही हा उपाय चालतो, आणि म्हणूनच त्याचा बचाव त्याच्या आक्रमणाइतकाच नावाजला जातो.

या पद्धतीचा सर्वांत टोकाचा नमुना २००८ साली, त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संगणकप्रणालींपैकी एक असलेल्या रिब्काविरुद्धच्या तीन मिनिटांच्या डावात पाहायला मिळतो. नाकामुराने प्याद्यांची भिंत उभारून पट बंद केला आणि आपली काही भारी मोहरी कमी किमतीच्या मोहऱ्यांच्या बदल्यात देऊन टाकली, त्यामुळे आपली बाजू वरचढ आहे असा यंत्राचा हिशेब झाला. पन्नास चालींत प्यादे हलले नाही आणि मोहरा मारला गेला नाही, तर डाव बरोबरीत सोडवता येतो असा नियम आहे. वरचढ बाजूने बरोबरी का पत्करावी, म्हणून यंत्राने स्वतःच भिंत फोडली आणि नाकामुराने २७१ चालींत तो डाव जिंकला. वाटेत त्याने प्याद्यांचे वजीर न करता पाच उंट करून घेतले. कोणती स्थिती प्रतिस्पर्ध्याला चुकीचा निर्णय घ्यायला लावील, याची इतकी अचूक जाण हे केवळ चपळ बोटांचे काम नव्हे.

निकालांची तपासणी करण्यासाठी चेस डॉट कॉमच्या स्पीड चेस चॅम्पियनशिपचा आधार सर्वांत भक्कम आहे. दोन खेळाडू आधी पाच मिनिटांचे, मग तीन मिनिटांचे आणि शेवटी एका मिनिटाचे डाव ठरलेल्या अवधीत सलग खेळतात आणि एकूण गुणांवर विजेता ठरतो. २०१६ आणि २०१७ च्या स्पर्धांत नाकामुरा अंतिम फेरीत तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याच्याकडून हरला. त्यानंतर २०१८ ते २०२२ अशी सलग पाच विजेतेपदे त्याने मिळवली. २०२१ मध्ये वेस्ली सोवर २३-८ असा एकतर्फी विजय मिळाला, तर २०२२ मध्ये कार्लसनला त्याने १४.५-१३.५ असे एका गुणाने मागे टाकले. पुढच्याच वर्षी कार्लसनने १३.५-१२.५ अशी परतफेड केली. २०२४ साली पॅरिसला खेळाडू समोरासमोर बसून संगणकांवर खेळले, आणि तिथे उपांत्य फेरीत साडेपंधरा वर्षांनी लहान असलेल्या अलिरेझा फिरुझ्झाने त्याला हरवले. एका मिनिटाच्या डावात पुढची पिढी त्याच्या बरोबरीला आली आहे, हे मान्य केले पाहिजे.

आकड्यांचा विषय निघाल्यावर २०२३ च्या वादालाही स्पर्श करणे आवश्यक ठरते. नाकामुराने सलग ४६ ऑनलाइन डावांत ४५.५ गुण मिळवल्याकडे माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिकने बोट दाखवले; संकेतस्थळाने तपासणी करून गैरप्रकार झाल्याचे नाकारले. यातले गणित समजून घेण्यासारखे आहे. गुणांकनात ४०० गुणांचे अंतर असेल, तर वरच्या खेळाडूने सरासरी ९१ टक्के गुण मिळवावेत, असे एलो पद्धत सांगते. सोप्या हिशेबासाठी प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता तेवढीच धरली, तर सलग ४६ विजयांची शक्यता सुमारे ८० मध्ये एक येते. एका ठरावीक संध्याकाळी हे घडणे दुर्मीळ. पण बहुतांशी आपल्यापेक्षा कमी गुणांकनाच्या खेळाडूंशी दहा हजारांनी डाव खेळणाऱ्याच्या नोंदींत अशी मालिका कुठेच न आढळणे हेच अधिक आश्चर्याचे झाले असते. मालिका आधी निवडून मग तिची दुर्मीळता मोजणे ही संख्याशास्त्रातली जुनी चूक आहे, आणि तिच्या आधारे एखाद्याच्या सचोटीवर शंका घेणे अन्यायाचे आहे.

सुधारणेला वाव कुठे आहे, हे पडद्यापासून दूर गेल्यावर दिसते. खऱ्या पटावरच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत २०१९ आणि २०२२ साली त्याला कार्लसनच्या मागे दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. तिथे प्रीमूव्ह नसते, मोहरा हाताने उचलावा लागतो, त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते, आणि त्याची सर्वांत कसलेली अस्त्रे बोथट होतात. पारंपरिक डावांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. २०१४ साली झ्युरिकला कार्लसनविरुद्धची जिंकत आलेली स्थिती त्याने गमावली आणि डावही हरला. या प्रकारात कार्लसनवरच्या पहिल्या विजयासाठी त्याला २०१६ च्या बिल्बाओ स्पर्धेपर्यंत थांबावे लागले. ज्या स्थितीत तीन उत्तरे सारखी असतात ती त्याला मानवते, पण जिथे एकच चाल बरोबर आहे आणि ती शोधायला वीस मिनिटे उपलब्ध आहेत, तिथे त्याची बाजू तुलनेने कमकुवत राहिली आहे. माद्रिदच्या २०२२ च्या कँडिडेट्समध्ये अखेरच्या फेरीत डिंग लिरेनविरुद्ध बरोबरी झाली असती, तरी दुसरे स्थान मिळाले असते आणि कार्लसनने किताब सोडल्यामुळे त्या स्थानाला जगज्जेतेपदाची लढतच मिळणार होती. तो डाव नाकामुरा हरला. डिंग पुढे जगज्जेता झाला.

या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे तो नाशिकच्या विदित गुजराथीशी झालेला सामना. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत विदित पहिला आणि नाकामुरा अर्ध्या गुणाने दुसरा आला, व दोघेही त्याच वाटेने टोरांटोच्या कँडिडेट्सला पोहोचले. तिथे दुसऱ्या फेरीत पांढरी मोहरी नाकामुराकडे होती. विदितने घरी तयार करून आणलेल्या कल्पनेनुसार पांढऱ्या राजासमोरच्या प्याद्यावर उंटाचा बळी दिला, राजाभोवतीचे कवच उघडे पाडले आणि नाकामुराची पारंपरिक खेळातली ४७ डावांची अपराजित मालिका तिथे संपली. आधीच केलेल्या तयारीपुढे पटावरच्या तत्परतेला किती मर्यादा असते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. नवव्या फेरीत विदितने पांढऱ्या मोहऱ्यांनी पुन्हा विजय मिळवला. स्पर्धेअखेर नाकामुराचे १४ पैकी ८.५ गुण झाले आणि विजेत्या गुकेशचे ९. इतर सहा जणांविरुद्धच्या बारा डावांत नाकामुरा एकदाही हरला नव्हता, आणि विदितशी झालेल्या दोनांपैकी एक जरी बरोबरीत सुटला असता, तरी तो गुकेशसोबत पहिल्या स्थानावर असता. अखेरच्या फेरीत हे दोघे समोरासमोर आले तेव्हा नाकामुराला विजय हवा होता, तर त्याला मागे ठेवायला गुकेशला बरोबरी पुरेशी होती. नाकामुराने डाव ७१ चालींपर्यंत लढवला, पण तो बरोबरीतच सुटला.