बटणाचे दुखणे

गेल्या वर्षी गणपती उठले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमचा लॅपटॉप उठेनासा झाला.

आमचा म्हणजे आमच्या धाकट्या लेकीचा. विरार पश्चिमेला दोन खोल्यांच्या जागेत आम्ही तिघे राहतो. लेक सी.ए.च्या मधल्या परीक्षेचा अभ्यास करीत होती. शिकवणीचे तास, सरावाचे पेपर, टिपणे, सारे त्या एका यंत्रात साठवलेले, आणि परीक्षा जानेवारीत. यंत्र तिने शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून जमवलेल्या पैशांतून, जुने म्हणून घेतलेले. त्यामुळे हमी वगैरे कधीच संपलेली.

बटण दाबावे तर काही होईना. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आतली उरलीसुरली वीज निघून जाते आणि अडकलेले यंत्र कधीकधी ताळ्यावर येते, हा उपाय लेकीला ठाऊक होता. फुकटचा उपाय आहे, कुणीही तो आधी करावा. आमच्याकडे लागू पडला नाही. मग स्टेशनाजवळच्या एका दुकानात नेले. दुकानदाराने बटण दोनदा दाबले, झाकण न उघडताच “मदरबोर्ड गेला” असे निदान केले, आणि बारा हजार रुपये व आठ दिवस सांगितले. नाडी न बघता शस्त्रक्रिया सांगणारा वैद्य मी प्रथमच पाहिला. पण आमची मान खाली. निवृत्त माणसाच्या घरात बारा हजार रुपये म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको.

लेक वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर चार्जर लावून म्हणाली, “बाबा, हा दिवा पाहा. बॅटरी भरते आहे. आणि काल डावा कोपरा जोरात दाबला तेव्हा एकदा चालू झाला होता. मदरबोर्ड मेला असता तर एकदा तरी उठला असता का?”

दिव्याचा पुरावा तसा पक्का नव्हे, पण दुसरा बिनतोड होता.

येथे थोडे थांबून हे बटण म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण मलाही ते ठाऊक नव्हते. भिंतीवरचे बटण दाबले की दिव्याची वीज त्या बटणातूनच वाहते. लॅपटॉपचे तसे नाही. यंत्राला लागणारी वीज त्याच्या बटणातून जातच नाही. यंत्र बंद असतानाही आत एक लहानशी चिप जागी असते. बटणाकडून तिच्याकडे एक बारीक तार गेलेली असते, आणि तिच्यावर बहुधा तीन-सव्वातीन व्होल्टांचा दाब असतो. बटण दाबले की तो दाब क्षणभर शून्यावर येतो आणि चिप समजते, मालकाने हाक मारली. मग वीज कोणत्या क्रमाने कोठे सोडायची ते सारे ती पाहते. म्हणजे बटण ही नुसती दाराची घंटा, दार उघडणारा आत निराळाच. घंटा बिघडली म्हणून कोणी घर पाडत नाही. त्या बटणावर एक खूण असते पाहा, वरून उघडे वर्तुळ आणि त्यात उभी रेघ. ती म्हणजे १ आणि ० या आकड्यांची जोडी, एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. साठी उलटल्यावर हे ज्ञान मला लेकीकडून मिळाले.

“आपणच उघडू या,” ती म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांचे गजराचे घड्याळ उघडले होते. झाकण निघताच कमान सुटली आणि चाके पलंगाखाली पळाली. वडिलांनी मारले नाही. सापडली तेवढी चाके त्यांनी रुमालात बांधली आणि ती पुरचुंडी कपाटात ठेवून दिली. वर्षानुवर्षे ती तेथेच होती, दिवाळीची झाडलोट करताना दरवर्षी हाताला लागायची. तेव्हापासून टॉर्चच्या सेलांपलीकडे मी काही उघडलेले नाही.

पण लेकीने टेबल पुसून घेतले, तिच्या आईकडून मोदकांच्या खोक्याचे झाकण मागून आणले आणि त्यावर पेन्सिलीने लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढले. जो स्क्रू जेथून निघेल तो चित्रात त्याच जागी टोचून ठेवायचा. कारण हे स्क्रू दिसायला भावंडे असले तरी लांबीने सारखे नसतात. आखूडाच्या जागी लांब पिळला तर तो आतल्या पट्टीला भोक पाडतो, आणि मग दुकानदाराचे निदान खरे ठरते! दहा स्क्रू काढले तरी झाकण हलेना. जोर करायचा मोह मला झाला, तिने हात धरला. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली दडलेले निघाले. मग जुने प्लॅस्टिकचे कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवले. टक् टक् असा आवाज होत एकेक खिटी सुटत गेली. प्रत्येक आवाजाला मला घड्याळाची कमान आठवत होती.

झाकण निघाल्यावर पहिले काम बॅटरीचा जोड सोडवण्याचे. हे विसरून चालत नाही. वीज आत असताना स्क्रूड्रायव्हर कोठे टेकला तर ठिणगीसरशी सारे संपते. बॅटरीला टोकदार काही टोचू द्यायचे नाही, लिथियमची बॅटरी पेट घेते. ती फुगलेली दिसली असती तर आम्ही तेथेच हात टेकले असते. अंगावर साचलेली विजेची चुणूकही चिपांना मारक असते. भाद्रपदातल्या आमच्या दमट हवेत ती भीती कमी, तरी लेक मधूनमधून खिडकीच्या उघड्या लोखंडाला हात लावून येत होती. तिच्या आईला वाटले, देवाला नमस्कार चालला आहे.

काही यंत्रांत हे बटण कीबोर्डातच जडवलेले असते, मग काम फार वाढते. आमच्या नशिबाने बिजागरीजवळ बोटभर लांबीच्या वेगळ्या पट्टीवर ते होते. पट्टीपासून कागदासारखी चपटी रिबिन निघालेली. ती ओढायची नसते. तिला धरून ठेवणारी नखाएवढी कडी आधी उचलायची, मग ती आपोआप सुटते. पट्टीवर साबुदाण्याहून थोडे मोठे बटण, आणि त्याच्या पायाशी हिरवट बुरशीसारखे काहीतरी. ते तांब्यावर चढलेले किटण होते. अर्नाळ्याचा समुद्र येथून दूर नाही, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आमच्या खिडक्यांचे गज खातो, तो या नाजूक तांब्याला कसा सोडणार? शेजारच्या वायरमनकडून मीटर आणून लावला. चांगले बटण दाबले की मीटर वाजतो. आमचे नुसते दाबून गप्प, कोपरा रेटला तर एकदाच वाजले. रोग सापडला होता.

आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून किटण पुसले, पण आतला पत्राच थकला होता. नवी पट्टी हवी. दुसऱ्या दिवशी विरारहून जलद गाडी, मुंबई सेंट्रलला उतरून धीमी, आणि ग्रँट रोड. (१८६७ च्या एप्रिलात विरारहून बॅक बेपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा दिवसाकाठी एकच गाडी जाऊन येत असे. आज बसायला जागा मिळाली की तेव्हाचे प्रवासी भाग्यवान वाटेनासे होतात, न मिळाली की वाटतात.) लॅमिंग्टन रोडला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण सुटे भाग शोधणाऱ्याच्या तोंडी जुनेच नाव. तिथल्या गाळेवाल्याने लॅपटॉपचे नाव विचारलेच नाही. “पट्टीवरचा नंबर सांगा,” म्हणाला. लेकीने तो टिपून नेला होता. साडेतीनशे रुपये पडले.

असे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमली, आणि त्याच वर्षाअखेर ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळही उघडले. चांगली गोष्ट आहे. पण झाकण न उघडता निदान करणाऱ्याला “आत काय बिघडले ते दाखवा” असे विचारायला कोणत्या समितीची गरज नव्हती, हे मला ग्रँट रोडच्या पुलावर सुचले. दुकानात सुचले नव्हते.

रात्री जोडणी केली. रिबिन, कडी, मग शेवटी बॅटरी. खोक्याच्या झाकणावरचा एकेक स्क्रू आपल्या घरी गेला. बारा भोके, बारा स्क्रू, एकही उरला नाही. तिची आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही दाबा,” लेक म्हणाली.

मी नको नको म्हणत बोट ठेवले. हलकेच टिक् झाले. एक क्षण काही नाही, दोन क्षण काही नाही, आणि पंखा घुरघुरला. पडदा उजळला. मी काहीतरी बोलणार होतो, पण लेकीने खुर्ची पुढे ओढलीसुद्धा.

“बाबा, जाताना दार ओढून घ्या हं. साडेआठचा तास सुरू झालाय.”