दात आणि फेमटोसेकंद लेझर: पल्सचा नेमका कोणता गुण कामाला येतो?

समजा, पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना एखाद्या लॅबच्या माहितीत तुम्हाला ‘अल्ट्राफास्ट लेझरने दातांच्या ऊतींचं इमेजिंग’ असा विषय दिसला. लेझर किती फेमटोसेकंदांचा आहे, हे तुम्ही लगेच पाठ कराल. पण समोरचे प्राध्यापक बहुधा उलटं विचारतील: “एवढी छोटी पल्स कशाला हवी? साध्या दिव्याने काम होणार नाही का?”

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. छोट्या पल्सचे तीन वेगवेगळे गुण असतात आणि दातांच्या संशोधनात ते तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरले जातात. ते वेगळे करता आले, की या विषयावरचा कुठलाही पेपर निम्मा समजलाच म्हणून समजा.

आधी दाताची अडचण

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्याखाली डेंटिन: खनिज साधारण ७० टक्के, उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. आणि सगळ्यात आत पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या.

कीड लागते तेव्हा सुरुवातीलाच खड्डा पडत नाही. तोंडातलं पीएच साधारण ५.५ च्या खाली गेलं, की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं आणि पृष्ठभागाखाली सूक्ष्म छिद्रं तयार होतात. या टप्प्यावर लाळ आणि फ्लोराइड यांच्या मदतीने खनिज परत बसू शकतं, ड्रिल लागत नाही. पण एक्स-रेमध्ये ठळक दिसेपर्यंत बरंच खनिज गेलेलं असतं. म्हणजे ज्या काळात दात वाचवणं सगळ्यात सोपं, त्याच काळात तो बिघाड दिसणं सगळ्यात अवघड. प्रकाशाने दात पाहण्याचा खटाटोप यासाठी आहे.

कोणता रंग निवडायचा?

लेझरच्या आधी तरंगलांबीचा विचार करा. डेव्हिड फ्रीड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये इनॅमलमधलं प्रकाशाचं विकिरण मोजलं. ५४३ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी विकिरण गुणांक आला दर सेंटीमीटरला सुमारे १०५. म्हणजे फोटॉन सरासरी ०.१ मिमी जातो न जातो तोच वळतो. १३१० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला हाच गुणांक साधारण ३ वर येतो. फोटॉन सरासरी ३ मिमी सरळ जातो आणि २ मिमी जाड इनॅमलमधून जवळपास निम्मा प्रकाश न वळता पार होतो.

आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. पान, तंबाखू, मिश्री यांचे डाग दृश्य प्रकाश चांगलाच शोषतात आणि कीड असल्याचा भास निर्माण करतात. १३१० नॅनोमीटरला हे डाग जवळजवळ दिसतच नाहीत. खनिज गेलेली जागा मात्र विकिरण वाढल्यामुळे उठून दिसते.

पहिला गुण: रंगांची रुंदी

ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजे ओसीटी, हे तंत्र १९९१ मध्ये एमआयटीच्या गटाने मांडलं. दातांसाठीचं काम १९९८ च्या सुमारास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलं. कल्पना सोनारसारखी आहे: प्रकाश आत पाठवा, कुठल्या खोलीवरून किती परत येतो ते पाहा. फक्त प्रकाश इतका वेगवान आहे, की त्याचा प्रतिध्वनी घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून एका संदर्भ-किरणाशी व्यतिकरण घडवून तो मोजतात.

खोलीतलं रेझोल्यूशन असं काढतात:

रेझोल्यूशन = ०.४४ × (तरंगलांबीचा वर्ग ÷ बँडविड्थ)

१३१० नॅनोमीटर तरंगलांबी आणि १०० नॅनोमीटर बँडविड्थ घाला. हवेत उत्तर येतं साधारण ७.६ मायक्रॉन. इनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, त्याने भागलं की ४.७ मायक्रॉन.

आता गंमत बघा. एवढ्याच बँडविड्थची शक्य तितकी छोटी पल्स केली, तर ती साधारण २५ फेमटोसेकंदांची होते. एका फेमटोसेकंदात प्रकाश ०.३ मायक्रॉन जातो. गुणाकार करा: ७.५ मायक्रॉन. तोच आकडा! म्हणून वाटतं, की छोटी पल्स हेच रहस्य आहे.

पण सूत्र परत वाचा. त्यात वेळ कुठेच नाही, फक्त बँडविड्थ आहे. स्वेप्ट-सोर्स ओसीटीमध्ये लेझर एकामागून एक रंग पाठवतो, तिथे छोटी पल्स नसतेच. तरी रेझोल्यूशन तेवढंच मिळतं. सुपरल्युमिनेसंट डायोडनेही मिळतं. म्हणजे ओसीटीमध्ये फेमटोसेकंद लेझर वापरला असेल, तर तो रंगांचा रुंद पट्टा हवा म्हणून. पल्स वाटेत पसरली, तरी संदर्भ-किरणही तेवढाच पसरवला की भागतं.

दुसरा गुण: शिखर शक्ती

आता डेंटिनमधलं कोलॅजन पाहायचंय. कोलॅजनच्या तंतूंची रचना अशी असते, की ८०० नॅनोमीटरचे दोन फोटॉन एकाच क्षणी आले, तर त्यांतून ४०० नॅनोमीटरचा एक फोटॉन बाहेर पडू शकतो. याला सेकंड हार्मोनिक जनरेशन म्हणतात. इनॅमलमध्ये कोलॅजन जवळपास नसल्यामुळे तिथे हा सिग्नल नगण्य. त्यामुळे दाताच्या पातळ कापात दोन थरांची सीमा कुठलाही रंग न लावता दिसते, आणि किडीने कोलॅजन खराब झालं असेल तर तेही कळतं.

‘एकाच क्षणी’ हे इथे महत्त्वाचं. घाटकोपर स्टेशनचा पूल आठवा. दिवसभराच्या प्रवाशांची सरासरी काढली तर पूल मोकळा वाटेल. पण मेट्रो रिकामी झाल्यानंतरची दोन मिनिटं तिथे उभे राहा. खांद्याला खांदा लागतो तो तेव्हाच.

आकडे पाहू. लेझरची सरासरी शक्ती २० मिलिवॉट, सेकंदाला ८ कोटी पल्स, प्रत्येक १०० फेमटोसेकंदांची. एका पल्समध्ये ऊर्जा फक्त ०.२५ नॅनोज्यूल, पण शिखर शक्ती २.५ किलोवॉट. सरासरीच्या सव्वा लाख पट! दोन फोटॉनांचा सिग्नल शक्तीच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे, तेवढ्याच सरासरी शक्तीच्या सलग लेझरपेक्षा तो सव्वा लाख पट जास्त मिळतो. इथे पल्स पसरली तर प्रयोग बसला. नुसता रुंद पट्टा पुरत नाही, सगळे रंग एकत्र पोचायला हवेत.

मुंबईत हे तंत्र परकं नाही. सुदीप्त मैती यांनी कॉर्नेलमध्ये असताना सहकाऱ्यांसोबत तीन फोटॉन वापरून जिवंत पेशींतलं सेरोटोनिन मोजलं. ते काम १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. पुढे त्यांनी कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये मल्टिफोटॉन मायक्रोस्कोपीची लॅब चालवली. नमुना दात नाही, पण भौतिकशास्त्र याच जातीचं.

तिसरा गुण: वेळच कमी

कापण्याचं काम वेगळं. १९६० मध्ये लेझर आला आणि काही वर्षांतच दातांवर प्रयोग सुरू झाले. अडचण होती उष्णतेची. १९६५ मध्ये झाक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर दाखवलं, की पल्पचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं तर सुमारे १५ टक्के पल्प सावरत नाहीत.

उष्णता इनॅमलमध्ये १०० मायक्रोसेकंदांत साधारण १४ मायक्रॉन पसरते, एका पिकोसेकंदात जेमतेम एक नॅनोमीटर. म्हणून फेमटोसेकंद पल्समध्ये उष्णता पसरायच्या आत पदार्थ उडून जातो. मात्र ही एका पल्सची गोष्ट. पल्स फार भराभर आल्या तर उष्णता साठतेच. म्हणून पेपरमध्ये पल्सच्या काळाशेजारी रिपिटिशन रेट शोधा. तो दिला नसेल, तर ‘उष्णता होत नाही’ या दाव्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

नमुना ओला ठेवा

मुंबईत लेझर पवईला आणि दंत महाविद्यालयं शहरात, अशी विभागणी आहे. आयआयटीत बसून नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयातून काढलेले दात मागवायचे ठरवलंत, तर आधी इथिक्स कमिटीची परवानगी लागेल. त्यानंतरची काळजी म्हणजे दात वाटेत सुकू न देणं.

कारण भौतिकशास्त्राचंच आहे. इनॅमलच्या छिद्रांत पाणी असतं तेव्हा अपवर्तनांकातला फरक १.६२ आणि १.३३ मधला. पाणी उडून हवा शिरली, की तो १.६२ आणि १.० मधला. विकिरण एकदम वाढतं आणि निरोगी दातही पांढरट दिसतो. दंतवैद्य हवेच्या झोताने दात सुकवून पांढरा डाग शोधतात ते याच तत्त्वावर. तुमच्या प्रयोगात मात्र अर्धवट सुकलेला दात म्हणजे खोटी कीड. म्हणून दात बहुधा ०.१ टक्के थायमॉलच्या द्रावणात ठेवतात. कोलॅजन पाहायचं असेल तर फॉर्मॅलिन टाळा, ते कोलॅजनच बदलून टाकतं.

मुलाखतीआधी एक गणित

समजा, दुसरा स्रोत आहे: ८४० नॅनोमीटर, बँडविड्थ ५० नॅनोमीटर. वरच्या सूत्रात घाला. हवेत ६.२ मायक्रॉन येईल, म्हणजे १३१० च्या स्रोतापेक्षा सरस. तरी किडीसाठी दाताचं ओसीटी करताना १३१० का निवडतात? उत्तर याच लेखात आहे. ते स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहून बघा. जमलं, तर “एवढी छोटी पल्स कशाला?” या प्रश्नाला तुम्ही आधी उलट विचाराल: “सर, कोणत्या कामासाठी?”