संघातला चौथा धावपटू

पावसाळा सुरू होतो, महाविद्यालये उघडतात आणि थोड्याच दिवसांत क्रीडा विभागाच्या फलकावर निवड चाचण्यांची सूचना लागते. क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल ह्यांसाठी नावे देणाऱ्यांची गर्दी होते. ‘क्रॉसकंट्री’ ह्या शब्दापाशी मात्र विद्यार्थी थबकतो. माळावरून, शेताच्या कडेने, कच्च्या वाटेवरून दहा किलोमीटर धावायचे, हे काम जन्मतःच ज्याच्या पायांत वेग आहे त्याचे, आपले नव्हे, अशी त्याची समजूत असते. तो मुकाट्याने पुढे जातो. दुसरा एखादा ह्याच्या उलट धाडस करतो. चाचणीपूर्वी आठ-दहा दिवस जिवाच्या आकांताने धावतो, नडगी दुखवून घेतो आणि चाचणीच्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून राहतो. दोघांचेही नुकसान एकाच गैरसमजापायी झालेले असते. लांब पल्ल्याच्या संघात वेगाने प्रवेश मिळतो, असे दोघांनाही वाटते. वास्तविक तो मिळतो सवयीने.

हे नीट समजण्यासाठी ह्या शर्यतीचा हिशेब आधी पाहिला पाहिजे. शंभर मीटरच्या शर्यतीत जो पहिला, त्याचेच कौतुक. क्रॉसकंट्रीत व्यक्तीचे यश असतेच. परंतु संघाचा निकाल बेरजेने लागतो. जागतिक स्पर्धेत एका देशाचे सहा धावपटू धावतात आणि त्यांपैकी आधी पोहोचलेल्या चौघांचे क्रमांक मिळवले जातात. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. समजा, एका संघाचे चौघे पहिला, दुसरा, पंधरावा आणि बाविसावा आले. बेरीज झाली ४०. दुसऱ्या संघाचे चौघे सहावा, आठवा, नववा आणि अकरावा आले. बेरीज झाली ३४. पहिल्या पाचांत ज्याचा एकही गडी नाही, असा हा दुसरा संघ जिंकतो आणि ज्याने शर्यत मारली त्याचा संघ हरतो. संघाचे भवितव्य ठरते ते चौथ्या धावपटूवर. हा चौथा धावपटू बहुधा असामान्य नसतो. तो दररोज पहाटे उठणारा, न थांबणारा, सामान्य अंगकाठीचा विद्यार्थी असतो. आणि प्रत्येक महाविद्यालयाला त्याचीच उणीव भासत असते.

बुरहानपूरच्या विद्यार्थ्यापुढे ह्या वाटेवरील टप्पे स्पष्ट आहेत. पहिली चाचणी महाविद्यालयात होते. पुढे मध्य प्रदेशातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा क्रम जिल्ह्यापासून सुरू होऊन संभागाकडे आणि तेथून राज्याकडे जातो. २००३ साली स्वतंत्र जिल्हा झालेले बुरहानपूर इंदूर संभागात मोडते. विद्यापीठाचा संघ निवडला, की तो भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धांत उतरतो. ह्या संस्थेची स्थापना १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून झाली. प्रवेशाच्या अटी फारशा अवघड नसतात: विद्यार्थी नियमित असावा, वय ठरलेल्या मर्यादेत असावे, उच्च माध्यमिक परीक्षा होऊन फार वर्षे लोटलेली नसावीत. परंतु गुणपत्रिका, जन्मतारखेचा दाखला, ओळखपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेवर न दिल्याने पाय तयार असूनही कागद अपुरे, अशी स्थिती ओढवू शकते. म्हणून जुलैच्या पहिल्याच आठवड्यात क्रीडाधिकाऱ्यांस भेटावे, त्या वर्षीचे परिपत्रक वाचावे आणि आपले नाव त्यांच्या कानावर घालून ठेवावे. चाचणीच्या दिवशी प्रथमच दिसणाऱ्या मुलापेक्षा तीन महिने मैदानावर दिसणारा मुलगा मार्गदर्शकाच्या लक्षात अधिक राहतो.

आता खरा प्रश्न उरतो तो दमाचा. दम म्हणजे केवळ छातीचा भाता नव्हे. नियमित धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ज्या सूक्ष्म तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने शक्ती निर्माण करतात, त्यांची वाढ होते. हे बदल एका आठवड्यात होत नाहीत. त्यांस महिने लागतात. आणि ते घडतात ते मुख्यतः सावकाश धावण्याने. शेजारच्या सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येईल, इतकीच गती त्यासाठी पुरेशी असते.

न्यूझीलंडचे शिक्षक आर्थर लिडियार्ड ह्यांनी हेच सूत्र जगाला पटवून दिले. आपल्या धावपटूंकडून ते आठवड्यास सुमारे १०० मैलांची दौड करवून घेत. वेगाचा सराव त्यानंतर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल ह्याने ८०० मीटरची आणि मरे हाल्बर्ग ह्याने ५,००० मीटरची शर्यत एकाच दिवशी जिंकली, तेव्हा टीकाकारांस बोलण्यास जागा उरली नाही. नवशिक्याने शंभर मैलांचा हव्यास धरू नये. घ्यायचा तो क्रम. आधी पाया, मग भिंत.

बुरहानपूरकरांस हा क्रम समजावण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. लालबागजवळचा कुंडी भंडारा त्यांच्या दारातच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखाना ह्यांच्या कारकिर्दीत रचलेल्या ह्या भुयारी योजनेत सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखाली थेंबाथेंबाने पाझरते आणि एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीकडे संथ वाहत शहरापर्यंत पोहोचते. वर पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. साठा मात्र होत असतो. धावपटूच्या अंगी येणारा दम असाच न दिसता साठतो.

ह्यासाठी बारा आठवड्यांची तयारी पुरेशी धरावी. पहिले तीन आठवडे चालणे आणि धावणे आलटून पालटून, दिवसाकाठी वीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस. पुढे अंतर थोडे थोडे वाढवावे. एका आठवड्यात १५ किलोमीटर झाले तर पुढच्यात १६ किंवा १७, एकदम २५ नव्हे. दर चौथ्या आठवड्यास अंतर कमी करून शरीरास सावरू द्यावे. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत एका दिवशी सलग तासभर धावता आले पाहिजे. त्यानंतरच वेगाचा एक दिवस घ्यावा: एक किलोमीटर जोराने, मग तीन मिनिटे संथ चाल, असे चार-पाच वेळा. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवताच कळ आली, तर धावणे थांबवून वैद्याकडे जावे. दुखण्यावर धावून कोणाचा दम वाढलेला नाही.

जागेची निवडही विचाराने करावी. इंदूर-इच्छापूर मार्गावर मालमोटारींची वर्दळ असते. तेथे अंधारात धावणे म्हणजे जिवाशी खेळ. तापीच्या आसपास केळीच्या बागांतून जाणाऱ्या मातीच्या वाटा पायांस मऊ आणि ह्या शर्यतीस अनुकूल आहेत. मात्र पावसाळ्यात तेथील काळी माती तळव्यास चिकटून पाय जड करते. तेव्हा मुरमाड कडा किंवा महाविद्यालयाचे मैदान बरे. चढाचा सराव हवा असेल, तर उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर असीरगडाची वाट आहे. पंधरवड्यातून एकदा चार सोबती मिळून तेथे गेले, तर मांड्यांस बळ येते आणि मनासही.

निमाडातील उन्हाळा हा ह्या खेळाचा मोठा शत्रू. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत सूर्योदयापूर्वी धावणे उरकावे. उष्ण हवेची सवय होण्यास शरीरास दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर गती आणि अंतर दोन्ही कमी ठेवावे. धावताना चक्कर आली, बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग तापले, तर तो उष्माघात समजून सोबत्यांनी धावणाऱ्यास ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे आणि दवाखाना गाठावा. येथे ‘अजून थोडे रेट’ म्हणणारा मित्र हा मित्र नव्हे.

आहाराविषयी उगाच धास्ती बाळगली जाते. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ आणि दूध एवढ्यावर उत्तम धावपटू पोसला जातो. आणि केळे तर ह्या जिल्ह्याचे मुख्य पीकच. धावण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळे पुरते. बुरहानपूरची मावा जिलेबी शर्यतीनंतर खावी, आधी नव्हे. ह्याहून महत्त्वाची गोष्ट रक्ताची. प्राणवायू वाहून नेतो तो रक्तातील हिमोग्लोबिन. तो कमी असेल तर सराव कितीही केला तरी दम लागतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. तेव्हा जी मुलगी ‘मला धावणे जमत नाही’ म्हणून मागे फिरते, तिला कदाचित धावणे नव्हे, लोह कमी पडत असेल. सरावापूर्वी एकदा रक्त तपासून घेणे हे मुलामुलींनी आपले कर्तव्य समजावे.

मुलींपुढे आणखीही अडथळे असतात. पहाटेचा अंधार, लोकांच्या नजरा आणि घरच्यांची काळजी. ही काळजी खोटी नाही आणि उपदेशाने ती जातही नाही. ती जाते सोबतीने. तीन-चार मुली एकत्र धावू लागल्या, एखाद्या घरची वडील व्यक्ती सायकलवर मागे राहिली, वेळ आणि वाट ठरलेली असली, म्हणजे घरच्यांचा विरोध ओसरतो. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत २०१७ पासून स्त्रियांनाही पुरुषांइतकेच १० किलोमीटर अंतर असते. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील संजीवनी जाधव हिने तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत १०,००० मीटरचे रौप्यपदक मिळवले. विद्यापीठाच्या संघातून जगापर्यंत वाट जाते, ह्याला ह्याहून निराळा पुरावा नको.

साधनांचे दारिद्र्य हेही कारण पुष्कळदा पुढे केले जाते. टाचेखाली घट्ट बसणारा एक चांगला बूट हवा, हे खरे. त्यापलीकडे ह्या खेळास फारसे काही लागत नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात सर दोराबजी टाटा ह्यांनी अनवाणी धावणारे साधे शेतकरी पाहिले आणि भारताने ऑलिंपिकमध्ये उतरावे, ह्या विचारास तेथूनच बळ मिळाले. पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले. अलीकडचे उदाहरण बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे ह्यांचे. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि क्रॉसकंट्रीकडे गंभीरपणे वळले ते २०१५ साली, विशी ओलांडल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण त्यांनी मिळवले. महाविद्यालयात पाऊल ठेवताना ज्याने कधी शर्यत पाहिलेली नाही, त्याला उशीर झालेला नसतो, हेच ह्यावरून दिसते.

राहिला चाचणीचा दिवस. ह्या दिवशी पुष्कळ जण पहिल्याच किलोमीटरात हरतात. समजा, एखाद्याची तयारी १० किलोमीटर ४५ मिनिटांत धावण्याची आहे. म्हणजे किलोमीटरला साडेचार मिनिटे. गर्दीच्या जोशात त्याने पहिला किलोमीटर चार मिनिटांत काढला, तर ती अर्ध्या मिनिटाची कमाई पुढे व्याजासह फेडावी लागते. श्वास तुटतो, मांड्या पेटतात आणि सातव्या किलोमीटरपासून मागचे एकेक जण पुढे निघून जातात. म्हणून आरंभी मागे राहण्याचे धैर्य हवे. अर्ध्या अंतरानंतर एकेकाला गाठत जाणारा धावपटू मार्गदर्शकास पारखता येतो, कारण शर्यतीत संघाला त्याचाच भरवसा धरायचा असतो.

इतके करूनही निवड न होणारे असतीलच. संघाच्या जागा मोजक्या आणि इच्छुक अधिक. परंतु कबड्डीच्या चाचणीत वगळलेल्या खेळाडूस पुढे खेळण्यासाठी संघ शोधावा लागतो. धावपटूस उद्याची पहाट आणि बागेतली वाट पुरते. जो दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी उठून बाहेर पडतो, तो पुढल्या वर्षीच्या संघाचा चौथा धावपटू होण्यास लागलेला असतो.