राणूबाईंचे डोळे
श्रद्धा आणि पुरावा : लेखांक ६

मागच्या लेखांकात २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस पाहिला. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि तिच्या अंगावरून ओघळते, हे लगेच दाखवता आले. मूर्ती समोर होती, चमचा हाताशी होता, प्रयोग हवा तितक्या वेळा करता येत होता. पण साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी घडला असे सांगतात, त्या चमत्काराची पारख कशी करायची? त्यासाठी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थला जाऊ.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये इथल्या ठोसरांच्या घरी झाला. कथा अशी : ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेला नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, बारा वर्षे टाकळीला तप करतो, पुढची बारा वर्षे तीर्थाटन करतो आणि एक दिवस गोसाव्याच्या वेशात घरच्या दारी उभा राहतो. मुलासाठी रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेलेली. तो आईच्या डोळ्यांवरून हात फिरवतो आणि तिला दिसू लागते. माउली विचारते, बाळा, कुठलं भूत वश करून आलास रे?

या कथेतला मला सर्वांत खरा वाटणारा भाग म्हणजे हा प्रश्न. डोळे आले तरी आई आधी हात जोडत नाही, चौकशी करते.

त्यावर समर्थांनी एक पद म्हटले, असे सांगतात. ते पद आजही गातात. त्यातले भूत म्हणजे राम : वैकुंठातून अयोध्येत आलेला, कौसल्येच्या अंगावर प्यालेला, शिळेची स्त्री करणारा. म्हणजे रामाने केलेले चमत्कार समर्थ भक्तिभावाने गातात. आईच्या डोळ्यांबद्दल मात्र पदात अवाक्षर नाही. कवीने सांगितले नाही म्हणून घडलेच नाही, असे म्हणता येत नाही. तरीही ज्या पदाला त्या प्रसंगाचा साक्षीदार म्हणून उभे केले जाते, ते पद त्याविषयी काहीच बोलत नाही, याची नोंद घ्यायलाच हवी.

मग कथा येते कुठून? समर्थांचे देहावसान १६८२ चे. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. ज्या हनुमंतस्वामींच्या बखरीवर आपले रूढ समर्थचरित्र बरेचसे उभे आहे, ती समर्थांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. एवढ्या काळात कीर्तनकाराच्या तोंडून कीर्तनकाराच्या तोंडी जाणारी कथा वाढत जाते. त्यात लबाडी नसते, प्रेम असते. पण प्रेमाने सांगितले म्हणून ते पुराव्याच्या जागी बसवता येत नाही.

काही सुशिक्षित मंडळी इथे तोडगा काढतात : रडण्याने काही माणूस आंधळा होत नाही, तेव्हा मोतीबिंदू असेल, तो सुईने बाजूला सारण्याची विद्या आपल्याकडे जुनीच, ती समर्थांना येत असेल. हे मला मान्य नाही. बखरीतला चमत्कार काढून त्या जागी आपली दंतकथा बसवली, तर हाती काय लागले? माझे मत सरळ आहे : ही दृष्टी परत आली हे घडलेली गोष्ट म्हणून मानायला पुरेसा आधार नाही.

याने समर्थांचे काही उणे होते का? त्यांनाच विचारू. दासबोधाच्या पाचव्या दशकातला दुसरा समास गुरूच्या लक्षणांचा आहे. त्याच्या आरंभीच ते बजावतात, की करामती दाखवणाऱ्यांनाही लोक गुरू म्हणतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. चेटके, मंत्र, अचाट चमत्कार यांची यादीच ते पुढे देतात. जांबेच्या या सुपुत्राने स्वतःसाठी जो मान नाकारला, तोच आपण आग्रहाने त्यांच्या गळ्यात का घालावा?

जांबेतल्या राममंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी शोधून काढल्या. रामाची कृपा झाली, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. त्या बोलण्याने पोलिसांचा तपास खोटा ठरत नाही, की सृष्टीचा नियम मोडल्याचा दावा होत नाही. कृपा आणि चमत्कार यांत एवढे अंतर आहे.

आपला कायदाही असाच भेद करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणे, चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणे वा धाक घालणे, हा त्यात गुन्हा आहे. दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्याविषयीचे साहित्य छापणे हा गुन्हा नाही. राणूबाईंची कथा कीर्तनात खुशाल सांगावी. मात्र आज कोणी डोळ्यांवरून हात फिरवून पैसे मागत असेल, तर पेशंटला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे आणि त्या माणसाची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवावी.

पुढच्या आठवड्यात गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला जाऊ. वेद बोलणाऱ्या रेड्याची कथा कोणकोणत्या ग्रंथांतून आली, ते तिथे पाहायचे आहे.