उड्डाण सोळा तासांचे, बैठक बावीस तासांची

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आणि छत्रपती संभाजीनगरातले आई-वडील पहिल्यांदा तिकडे निघाले, की नातेवाईक हमखास विचारतात, ‘किती तास लागतात हो?’ तिकिटावर उत्तर असते ते फक्त उड्डाणाचे. शरीराचा हिशेब मात्र घराच्या दारापासून सुरू होतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर ही वाट सरळ पश्चिमेला जाईल असे वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे चढून आइसलँडच्या बाजूने जातो. तीच सर्वांत जवळची वाट. विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरला तर १४ तास पुरावेत. मात्र अमेरिकेकडे जाताना उंचावरचे जोरदार वारे समोरून येतात. शिवाय एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली, तर वळसा पडतो. त्यामुळे हे उड्डाण १६ तासांच्या आसपास जाते. येताना तेच वारे पाठीशी असतात, म्हणून परतीचा वेळ कमी.

चिकलठाणा विमानतळावरून मुंबई हवाई मार्गाने जेमतेम २८० किलोमीटर, तासाभराची. पण अनेकजण मोटारीने किंवा रेल्वेने सहा-सात तास बसून मुंबई गाठतात, विमानतळावर तीन तास आधी पोहोचतात आणि मग १६ तासांसाठी आसनाचा पट्टा बांधतात.

चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करून पायांतले रक्त हृदयाकडे ढकलतात. बसून राहिल्यावर हा पंप थंडावतो आणि खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतते. चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये सांगितले. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक, म्हणजे कमीच. पण हे मोटार, बस, रेल्वे सगळ्यांनाच लागू आहे, आणि प्रवास संपल्यावरही हा धोका काही आठवडे टिकतो. म्हणूनच मुंबईपर्यंतचे तासही हिशेबात धरायला हवेत.

उपाय साधे आहेत. शक्य असल्यास मुंबईत एक रात्र विसावा घ्या. मोटार दर दोन तासांनी थांबवून चार पावले चाला. विमानात अधूनमधून उठा. बसल्या जागी टाचा-चवडे उचला. पाणी पीत राहा, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा. आधी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. मधुमेहींनी इन्सुलिनच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

पोहोचल्यावर एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखले, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नका. तातडीने डॉक्टर गाठा आणि किती तास बसून आलात, तेही सांगा.