सातव्या स्थानावरील विजेता : वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचा २०१६ चा हंगाम – एक विश्लेषण

प्रस्तावना

आधुनिक समाजात खेळ हा केवळ मनोरंजनाचा विषय राहिलेला नाही. तो अर्थकारण, नागरी जीवन, स्थलांतर आणि सामूहिक अस्मिता यांच्याशी निगडित असलेला सामाजिक व्यवहार आहे. म्हणूनच एखाद्या क्रीडा क्लबच्या एका हंगामाचा अभ्यास हा त्या समाजाचाही अभ्यास ठरू शकतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या पश्चिम भागातील वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबने २०१६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले. साखळी सामन्यांअखेर हा क्लब गुणतक्त्यात सातव्या स्थानी होता आणि त्याचे यापूर्वीचे एकमेव विजेतेपद १९५४ सालचे होते. त्यामुळे या यशाचे वर्णन बहुधा ‘चमत्कार’ या शब्दाने केले जाते. चमत्कार म्हटले की कारणमीमांसा थांबते. प्रस्तुत लेखात या हंगामाची घडण समजावून घेण्याचा आणि त्यामागील संस्थात्मक कारणांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळाचे स्वरूप

ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल हा आपल्याकडे परिचित असलेल्या फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न खेळ आहे. त्याचे पहिले लेखी नियम मेलबर्न येथे मे १८५९ मध्ये तयार झाले. हा खेळ लंबवर्तुळाकार मैदानावर, बहुतेक वेळा क्रिकेटच्याच मैदानावर खेळला जातो. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. चेंडू लांबट असतो. तो पायाने मारता येतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलता येतो. मात्र फेकता येत नाही. किमान १५ मीटर अंतरावरून मारलेला चेंडू खेळाडूने हवेतच झेलला, तर त्याला विनाअडथळा चेंडू मारण्याची संधी मिळते. या झेलाला ‘मार्क’ म्हणतात.

मैदानाच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केल्यास गोल होतो व सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेल्यास ‘बिहाइंड’ म्हणजे एक गुण मिळतो. म्हणून धावफलकावर १३.११ (८९) असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ १३ गोल, ११ बिहाइंड आणि एकूण ८९ गुण असा घ्यावयाचा.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ साली झाला. अन्य राज्यांत विस्तार झाल्यावर १९९० पासून तिचे नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असे झाले. २०१६ साली तीत १८ क्लब होते आणि प्रत्येक क्लब २२ साखळी सामने खेळत असे.

क्लब आणि त्याचा परिसर

वेस्टर्न बुलडॉग्जचे मूळ नाव फुट्सक्रे फुटबॉल क्लब. फुट्सक्रे हे मेलबर्नच्या पश्चिमेचे कारखान्यांचे व कामगार वस्तीचे उपनगर. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आणि पुढे व्हिएतनाममधून आलेले स्थलांतरित येथे मोठ्या संख्येने वसले. हा क्लब १९२५ साली लीगमध्ये दाखल झाला. १९५४ साली चार्ली सटन या खेळाडू-प्रशिक्षकाच्या नेतृत्वाखाली त्याने मेलबर्न संघाचा ५१ गुणांनी पराभव करून विजेतेपद मिळविले. त्या संघातील टेड व्हिटन हा पुढे क्लबचा सर्वांत मोठा नायक ठरला. क्लबचे जुने मैदान आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. १९६१ साली क्लब पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु हॉथॉर्नकडून पराभूत झाला. त्यानंतर ५५ वर्षे त्याला अंतिम सामना खेळता आला नाही. १९९७, २००८, २००९ आणि २०१० या चारही वर्षी तो अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरून परतला. यांपैकी १९९७ चा पराभव अवघ्या दोन गुणांचा होता.

१९८९ चा अस्तित्वाचा प्रश्न

२०१६ च्या हंगामाची पार्श्वभूमी १९८९ च्या घटनांखेरीज पूर्ण होत नाही. क्लब कर्जबाजारी होता. लीगला मेलबर्नमधील क्लबांची संख्या कमी करून राष्ट्रीय स्पर्धा उभारावयाची होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फुट्सक्रे आणि फिट्झरॉय या दोन क्लबांचे विलीनीकरण जाहीर करण्यात आले. समर्थकांना हा निर्णय मान्य नव्हता. एका सामान्य समर्थक महिलेच्या नावे न्यायालयात दाद मागण्यात आली आणि त्यातून निधी उभारण्यासाठी अल्प अवधी मिळाला. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने या लढ्यात पुढाकार घेतला. समर्थकांनी दारोदार फिरून पैसे जमविले आणि क्लबचे स्वतंत्र अस्तित्व टिकले. हेच गॉर्डन २०१६ साली क्लबचे अध्यक्ष होते. या दोन घटनांमधील सातत्य असे एका व्यक्तीच्या रूपानेही दिसून येते.

तथापि या घटनेचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ज्या फिट्झरॉयशी विलीनीकरण व्हावयाचे होते, त्या क्लबवरही त्याच्या समर्थकांचे तेवढेच प्रेम होते. तरीही १९९६ च्या हंगामाअखेर फिट्झरॉयचे ब्रिस्बेन बेअर्स या क्लबमध्ये विलीनीकरण झाले आणि लीगमधील त्याचे स्वतंत्र स्थान संपले. म्हणजेच समर्थकांची निष्ठा ही क्लब टिकण्याची आवश्यक अट असली, तरी ती पुरेशी अट नाही. फुट्सक्रेनेही टिकण्याची किंमत मोजली. संपूर्ण पश्चिम विभागाचा पाठिंबा मिळावा म्हणून १९९७ च्या हंगामापासून त्याने ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव घेतले. त्याच वर्षानंतर आपल्या जुन्या मैदानावरील लीगचे सामनेही त्याला सोडावे लागले.

समानतेची यंत्रणा

श्रीमंत क्लबांनीच वर्षानुवर्षे विजेतेपदे घेऊ नयेत यासाठी लीगने दोन उपाय योजले. पहिला उपाय वेतनमर्यादेचा. १९८५ पासून खेळाडूंच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा घालण्यात आली. दुसरा उपाय ड्राफ्टचा, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या क्रमवार निवडीचा. १९८६ पासून सुरू झालेल्या या पद्धतीत गुणतक्त्यात तळाशी असलेल्या क्लबला प्रथम निवडीचा अधिकार मिळतो.

२०१६ च्या बुलडॉग्ज संघात या यंत्रणेचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. मार्कस बॉन्टेम्पेली हा २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला होता. २०१६ साली क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तो अवघ्या वीस वर्षांचा होता. याउलट मॅथ्यू बॉइड, डेल मॉरिस, लिअम पिकन, ल्यूक डाल्हाउस आणि जेसन जोहॅनिसन हे पाचही जण ‘रूकी’ यादीतून, म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या खेळाडूंमधून आलेले होते. याखेरीज माजी खेळाडूंच्या मुलांना त्याच क्लबमध्ये येण्यास प्राधान्य देणारा एक नियम लीगमध्ये आहे. टॉम लिबराटोरे आणि लॅकी हंटर हे दोघे त्या मार्गाने आले. समान संधीचा नियम, उपेक्षितांची पारख आणि क्लबची कौटुंबिक परंपरा हे तिन्ही घटक या संघात एकत्र आलेले होते.

हंगामाची वाटचाल

२०१४ चा हंगाम संपताच क्लबमध्ये मोठी उलथापालथ झाली. कर्णधार रायन ग्रिफेन याने ग्रेटर वेस्टर्न सिडनी या नव्या क्लबकडे जाण्याची इच्छा व्यक्त केली. पाठोपाठ प्रशिक्षक ब्रेंडन मॅकार्टनी पायउतार झाले. त्यांच्या जागी नेमणूक झालेले ल्यूक बेव्हरिज हे नव्वदच्या दशकात फुट्सक्रेकडून खेळलेले होते. ग्रिफेनच्या मोबदल्यात टॉम बॉइड हा तरुण खेळाडू क्लबमध्ये आला. कर्णधारपद ज्येष्ठ खेळाडू रॉबर्ट मर्फी याच्याकडे सोपविण्यात आले. २०१५ साली संघाने सहावे स्थान मिळविले, परंतु बाद फेरीत ॲडलेडकडून सात गुणांनी हार पत्करली.

२०१६ च्या तिसऱ्याच फेरीत, एप्रिल महिन्यात, हॉथॉर्नविरुद्ध खेळताना मर्फीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला. तो सामनाही संघाने तीन गुणांनी गमावला. ईस्टन वुड याने कर्णधारपदाची धुरा सांभाळली. जुलै महिन्यात मिच वॉलिस याचा पाय मोडला. दुखापतींची मालिका सुरू असतानाही संघाने २२ पैकी १५ सामने जिंकले आणि सातवे स्थान मिळविले.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या तीन संघांचे प्रत्येकी १७, पुढील तीन संघांचे प्रत्येकी १६ आणि बुलडॉग्जचे १५ विजय होते. आठव्या स्थानावरील नॉर्थ मेलबर्नचे मात्र १२ होते. म्हणजे पहिल्या आणि सातव्या स्थानात अवघ्या दोन विजयांचे अंतर होते, तर सातव्या आणि आठव्या स्थानात तीन विजयांचे. ‘सातवा क्रमांक’ हा शब्द जेवढे दौर्बल्य सुचवितो, तेवढे ते प्रत्यक्षात नव्हते.

अंतिम फेऱ्या

२०१६ साली लीगच्या अंतिम फेऱ्यांसाठी आठ संघ पात्र ठरत. पहिल्या चार संघांना पहिल्या सामन्यात हरल्यास आणखी एक संधी मिळते. पाचव्या ते आठव्या संघांना ती मिळत नाही. ही पद्धत २००० साली सुरू झाली. तेव्हापासून २०१५ पर्यंतचे सर्व १६ विजेते पहिल्या चार संघांमधीलच होते. सातव्या संघाला विजेतेपदासाठी तेव्हा सलग चार सामने जिंकावे लागत, आणि तेही आपल्याहून वरच्या स्थानावरील संघांविरुद्ध.

२०१६ साली लीगने अंतिम फेऱ्यांपूर्वी प्रथमच एका आठवड्याची विश्रांती ठेवली. त्यामुळे जॅक मॅक्रे, लिबराटोरे यांसारखे जायबंदी खेळाडू संघात परतू शकले. ८ सप्टेंबर रोजी पर्थ येथे बुलडॉग्जने वेस्ट कोस्ट संघाला ९९–५२ असे नमविले. १६ सप्टेंबर रोजी, मागील तीन वर्षे सलग विजेता असलेल्या हॉथॉर्नचा १०७–८४ असा पराभव केला. २४ सप्टेंबर रोजी सिडनी येथे ग्रेटर वेस्टर्न सिडनी, म्हणजे ग्रिफेन ज्या क्लबकडे गेला होता तोच क्लब, प्रतिस्पर्धी होता. मेलबर्नहून सुमारे ९०० किलोमीटरचा प्रवास करून असंख्य समर्थक तेथे पोहोचले. मॅक्रेच्या शेवटच्या टप्प्यातील गोलामुळे संघाने आघाडी घेतली आणि सामना ८९–८३ असा जिंकला.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ९९,९८१ प्रेक्षकांसमोर सिडनी स्वान्सविरुद्ध अंतिम सामना झाला. सिडनी हा गुणतक्त्यातील अग्रस्थानी असलेला संघ. मध्यंतराला सिडनीकडे दोन गुणांची आघाडी होती. शेवटच्या सत्रात टॉम बॉइडने फार दूरवरून मारलेला गोल निर्णायक ठरला. बुलडॉग्जने १३.११ (८९) विरुद्ध १०.७ (६७) असा २२ गुणांनी विजय मिळविला. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूसाठीचे नॉर्म स्मिथ पदक जोहॅनिसनला मिळाले.

पारितोषिक वितरणाच्या वेळी बेव्हरिज यांनी जखमी मर्फीला मंचावर बोलावले आणि प्रशिक्षक म्हणून मिळालेले स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घातले. मर्फीने ते नंतर परत केले. एकही अंतिम सामना न खेळता २०१७ साली तो निवृत्त झाला. क्लबच्या यशात खेळाडूचा वाटा मैदानावरील मिनिटांनी मोजता येत नाही, ही जाणीव त्या कृतीत होती.

यशाच्या मर्यादा

हे यश स्थायी ठरले नाही. २०१७ साली बुलडॉग्ज दहाव्या स्थानी राहून अंतिम फेऱ्यांबाहेर फेकले गेले. २०२१ साली ते पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले, पण मेलबर्न संघाकडून ७४ गुणांनी पराभूत झाले. अंतिम सामन्याचा एक शिल्पकार टॉम बॉइड याने मे २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी निवृत्ती घेतली आणि आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या प्रश्नांविषयी जाहीरपणे सांगितले. विजयाच्या झळाळीत खेळाडूवरील ताण झाकला जातो, हे यावरून लक्षात येते. पहिल्या चार संघांबाहेरून विजेता होण्याचा प्रसंग पुन्हा २०२४ साली आला. त्या वर्षी ब्रिस्बेन लायन्स हा संघ पाचव्या स्थानावरून विजेता ठरला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) २०१६ च्या विजेतेपदाचे मूळ १९८९ च्या लोकलढ्यात आहे. त्या वर्षी क्लब नामशेष झाला असता, तर पुढील कोणत्याच हंगामाचा प्रश्न उद्भवला नसता.

२) केवळ लोकनिष्ठेने क्लब टिकत नाही, हे फिट्झरॉयच्या उदाहरणावरून दिसते. वेतनमर्यादा आणि ड्राफ्ट या नियमांनी दुर्बल क्लबांना स्पर्धेत उभे राहण्याची शक्यता निर्माण केली. मात्र हे नियम संधी देतात, यशाची हमी देत नाहीत. तसे असते तर ५५ वर्षे वाट पाहावी लागली नसती.

३) गुणतक्त्यातील क्रमांक हा गुणवत्तेचा अपुरा निदर्शक आहे. दोन क्रमांकांमधील अंतर न पाहता केवळ क्रमांक वाचल्यास निष्कर्ष चुकतो. शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकनात आणि विद्यार्थ्यांच्या गुणवत्ता यादीतही क्रमांकांचा आधार घेतला जातो. तेथेही हा विचार उपयुक्त ठरावा.

४) विश्रांतीचा एक आठवडा, काही दुखापती आणि सहा गुणांचा एक निसटता विजय, या योगायोगांचा वाटा नाकारता येत नाही. परंतु योगायोगाचा लाभ घेण्यासाठीही संस्था जिवंत आणि सज्ज असावी लागते. फुट्सक्रेच्या समर्थकांनी सत्तावीस वर्षांपूर्वी दारोदार फिरून जे वाचविले होते, ती हीच शक्यता होती.