तिजारीचा ताप आणि घरांतील संगणक

जुन्या काळीं तिजारीच्या तापानें घरेंचीं घरें त्रासून जात. त्या तापाचा सर्वांत मोठा खोडसाळपणा हा असे कीं, वैद्य उंबरठ्याशीं येईपर्यंत रोगी घाम येऊन अंथरुणांत उठून बसलेला असावयाचा. नाडी पाहावी तर ठीक, अंग पाहावें तर थंड. शहाणा वैद्य अशा वेळीं नाडीवर न विसंबतां घरच्या मंडळींना विचारी, "थंडी कोणत्या दिवशीं वाजली? किती वाजतां? आदल्या दिवशीं काय झालें होतें?" आज सुशिक्षित घरांतील एका निर्जीव वस्तूलाहि असाच पाळीचा ताप येऊं लागला आहे, आणि त्याचें निदान त्याच रीतीनें करावें लागतें. ती वस्तु म्हणजे मुलांच्या खोलींतील खेळाचा मोठा संगणक, आणि त्यांतहि त्याचें ग्राफिक्स कार्ड.

ज्यांचा या वस्तूशीं परिचय नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द लिहिले पाहिजेत. पडद्यावर दिसणारें प्रत्येक चित्र क्षणोक्षणीं रंगविण्याचें काम संगणकांत ज्या स्वतंत्र भागाकडे सोंपविलेलें असतें, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें याला त्याची गरज नसते. परंतु हल्लींचे खेळ, इमारतींचे त्रिमिति आराखडे, ॲनिमेशन, चित्रफितींचें संपादन हीं कामें त्यावांचून होत नाहींत. नांव कार्ड असलें तरी तें पत्त्यासारखें पातळ नसतें. मोठें कार्ड विटेएवढें असतें व वजनानें किलो-दीड किलो भरतें. आपल्या छताच्या जुन्या पंख्याला ७५ वॉट वीज लागते. असें एक कार्ड भर कामांत असतांना ३०० वॉट, म्हणजे चार पंख्यांची वीज एकटें ओढतें. इतकी वीज जेथें जाते तेथें तितकीच उष्णताहि होते, आणि जें इतकें जड आहे तें आडवें टांगलें तर वाकतेंहि. या तीन गोष्टी, वीज, उष्णता आणि वजन, वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढील सारी कथा त्यांचीच आहे.

धाराशिव शहरांतील आमच्या नात्यांतल्या एका घरची हकीकत सांगतों. (२०२३ सालापर्यंत सरकारदरबारीं या शहरास उस्मानाबाद म्हणत.) तीन भावांचा संसार एकत्र. थोरल्यांची सून घरीं बसून पुण्याच्या एका वास्तुशिल्पकाकरितां आराखडे तयार करते. धाकट्यांचा मुलगा संध्याकाळीं त्याच यंत्रावर खेळतो. संगणक तयार जोडून आलेला, लाखावर रुपये मोजून घेतलेला. चार महिने सुरळीत गेले, आणि मग एके दिवशीं पडदा एकाएकीं काळा झाला. आंतील पंखे जोरानें फिरूं लागले, गाण्याचा आवाज मात्र चालूच. बंद करून पुन्हां सुरू केला तों पूर्ववत्. दोन दिवसांनीं पुन्हां तेंच. नंतर आठवडाभर कांहीं नाहीं. सुनेचें दोन वेळां तीन-तीन तासांचें काम बुडालें व वेळेवर आराखडा न गेल्यामुळें पुण्याहून नाराजीचा फोन आला. घरांत निकाल आधींच लागला होता, "हा पोरगा रात्रंदिवस खेळतो, त्यानेंच बिघडविला." मुलगा रडकुंडीस येऊन सांगे, "काकू, मी कांहीं केलें नाहीं हो!" पण ऐकतो कोण?

हा आरोप फार घरांत होतो, म्हणून त्याविषयीं स्पष्ट लिहितों. खेळानें कार्ड बिघडत नाहीं. खेळामुळें त्यावर पूर्ण भार पडतो, आणि मूळचा दोष भार पडला म्हणजे दिसूं लागतो, एवढेंच. जिन्याची कमकुवत पायरी पाहुण्यांच्या पायाखालीं मोडली म्हणून दोष पाहुण्यांचा होत नाहीं.

यंत्र दोनदां विक्रेत्याकडे पुण्यास गेलें आणि दोनदां "दोष आढळला नाहीं" अशा शेऱ्यानिशीं परत आलें. तिकडचीं माणसें खोटें बोलत होतीं असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांच्या टेबलावर तें खरोखरच बिघडत नव्हतें. आतां वॉरंटीचे दिवस सरत चालले व घरांतील धुसफूस वाढत चालली. तेव्हां थोरल्या काकूंनीं, ज्यांनीं आजवर दुधाचा, इस्त्रीचा व भिशीचा हिशेब ठेविला, एक शंभर पानी वही या कामास लावली. तारीख, वेळ, कोण बसलें होतें, काय काम चालू होतें, वीज सरकारी होती कीं इन्व्हर्टरची, पडद्यावर काय दिसलें, आवाज चालू होता कीं बंद, एवढे रकाने. एकत्र कुटुंबांत एक मोठी सोय असते, ती ही कीं, घरीं कोणी ना कोणी असतेंच. नोंद चुकत नाहीं.

बावीस दिवसांत अकरा नोंदी झाल्या, आणि वही वाचतांच पहिली गोष्ट ही उघड झाली कीं, आजार एक नव्हता, दोन होते. अकरांपैकीं दोन वेळां पडदा काळा न होतां सारें यंत्रच बंद पडून आपोआप पुन्हां सुरू झालें होतें, आणि दोन्ही वेळां नेमकी वीज जाऊन इन्व्हर्टर लागला होता. उरलेल्या नऊ वेळां पडदा गेला, आवाज राहिला. त्यांतल्या दोन तर पहांटेच्या गारव्यांतल्या. म्हणजे उकाड्यावर बोट ठेवतां येईना. पण सर्वांत मोलाची नोंद बिघाडाची नव्हतीच. काकूंनीं लिहिलें होतें, "महालक्ष्म्या बसल्या, टेबल आराशीस घेतलें. संगणक दिवाणावर आडवा ठेविला. तीन दिवस मुलें जागून खेळलीं. कांहीं झालें नाहीं."

आडवा ठेविला! उभ्या कॅबिनेटमध्यें कार्ड भिंतींतून निघालेल्या फळीसारखें आडवें लोंबतें व त्याचें दुसरें टोंक वजनानें खालीं झुकतें. तेंच कॅबिनेट कुशीवर निजविलें कीं कार्ड उभें राहतें व भार सरळ खालीं जातो. पुण्याच्या टेबलावरहि उघडून पाहण्यासाठीं तें असेंच निजविलेलें असणार. विक्रेत्याची लेखी संमति मागवून एका जाणत्या माणसाकडून कॅबिनेट उघडविण्यांत आलें. कार्डाचें टोंक बोटभर झुकलेलें होतें, आणि त्यास वीज देणारा प्लग अर्धवट बसलेला होता. कार्ड काढून पुन्हां नीट बसविलें, प्लग खटका वाजेपर्यंत दाबला, व टोंकाखालीं आधाराचा लहानसा खांब दिला. काळा पडदा त्यानंतर दिसला नाहीं. लांबचा प्रवास करून आलेल्या तयार यंत्रांत हा दोष इतका संभवनीय असतो कीं, कित्येक उत्पादक आंत फोमची उशी भरून पाठवितात. ती सुरू करण्यापूर्वीं काढावयाची असते, हें मात्र कागद न वाचणाऱ्या घरांत राहून जातें!

प्लगाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु ती तशी नाहीं. मदरबोर्डाच्या खांचेतून कार्डास फार तर ७५ वॉट मिळतात. बाकीची सारी वीज निराळ्या तारांनीं येते. आठ पिनांचा प्लग १५० वॉटांचा. ऑक्टोबर २०२२ मध्यें एनव्हिडिया कंपनीचें ४५० वॉटांचें आरटीएक्स ४०९० कार्ड बाजारांत आलें, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या नव्या धर्तीचे प्लग वितळल्याच्या तक्रारी निघाल्या. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत कंपनीनें सुमारें पन्नास तक्रारी आल्याचें सांगून प्लग पूर्ण न बसणें हें मुख्य कारण दिलें. सैल प्लगाशीं अवरोध वाढतो, अवरोधानें उष्णता होते, आणि उष्णतेनें तो आणखी बिघडतो. प्लगाचें प्लॅस्टिक पिवळें वा काळसर दिसलें तर यंत्र त्या क्षणीं बंद ठेवावें.

दुसरा आजार, म्हणजे वीज जातांच यंत्र उठून बसणें, हा तर मराठवाड्यांतील घरोघरचा. संगणकाचा एस.एम.पी.एस. वीज तुटल्यावर पूर्ण भार असतांना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेचें एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचें! घरच्या इन्व्हर्टरला बहुधा दोन पद्धती असतात. पंखे-दिव्यांसाठीं असलेल्या साध्या पद्धतींत बदल संथ होतो, दुसऱ्या यू.पी.एस. पद्धतींत जलद. पुष्कळ घरांत मागील बाजूचें तें बटन बसविल्या दिवसापासून कोणी पाहिलेलें नसतें. तें बदलल्यावर येथें काम भागलें. जेथें भागणार नाहीं तेथें संगणकास स्वतंत्र यू.पी.एस. द्यावा, आणि चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तो चालवूंच नये.

अर्थिंगकडेहि पाहावें. कॅबिनेटला हात लावतां बारीक झिणझिण्या आल्या तर अर्थिंग पोंचत नाहीं असें समजावें. आपल्याकडे कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा चैत्र-वैशाखांत कोरडा ठणठणीत पडतो व काळी जमीन भेगाळते. मग तार असून नसल्यासारखी होते. खड्ड्यांत पाणी घालीत जावें व वर्षांतून एकदां वायरमनकडून मोजून घ्यावें.

आतां उष्णतेचें. वैशाखांत आपल्या जिल्ह्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि खोली दहा अंशांनीं तापली तर कार्डहि साधारण तितकेंच अधिक तापतें. परंतु कार्ड तापलें म्हणजे एकदम मरतें असें नाहीं. आंतील चकती साधारण ८३ ते ९० अंशांच्या घरांत पोंचली कीं तें स्वतःच वेग कमी करतें. खेळ अडखळूं लागतो. म्हणून ६५ अंशांवर पडदा काळा होत असेल तर उन्हाळ्यास शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. उलट आधीं रखडणें, मग बंद पडणें, असा क्रम असेल तर धुळीकडे पाहावें. ज्वारीच्या मळणीची धूळ, सोयाबीनचा भुसा आणि देवघराजवळ यंत्र असल्यास धूप-उदबत्तीचा चिकट धूर हे तिन्ही मिळून पंख्यामागील जाळीवर गोधडी विणतात. वीज काढून, पाती बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें व ब्लोअरनें ती काढावी. हलक्या कामांत कार्डाचे पंखे मुळींच फिरत नाहींत, हा मात्र दोष नव्हे. अनेक कार्डांची ती मुद्दाम केलेली योजना असते.

आणि हा ताप गरिबांच्याच घरीं येतो असें नाहीं. मेटा कंपनीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताप्रमाणें, १६,३८४ कार्डें एकत्र जोडून चालविलेल्या कामांत ५४ दिवसांत ४१९ वेळां अनपेक्षित खंड पडला. त्यांपैकीं १४८ खंड कार्डांच्या बिघाडामुळें, आणि आणखी ७२ त्यांवरील स्मृतीमुळें. दुपारच्या उष्म्यानें त्यांचा वेगहि शेंकडा एक-दोननें हलत असे. तेथेंहि उपाय काय, तर प्रत्येक खंडाची नोंद!

यंत्र स्वतःहि एक वही ठेवतें. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें 'डिस्प्ले ४१०१' अशी नोंद असेल तर कार्डानें दोन सेकंदांत उत्तर दिलें नाहीं व ड्रायव्हर पुन्हां उभा करावा लागला, असा तिचा अर्थ. 'कर्नल-पॉवर ४१' म्हणजे यंत्र नीट बंद न होतां पुन्हां सुरू झालें, एवढेंच. कारण तें सांगत नाहीं. या नोंदींच्या वेळा घरच्या वहीशीं ताडून पाहाव्या. मग स्वस्त व सोप्यापासून आरंभ करावा: मॉनिटरची तार बदलणें, ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घालणें, मेमरीचा वाढविलेला वेग मूळावर आणणें. शेवटीं कार्ड दुसऱ्याच्या यंत्रांत घालून पाहणें, ही सर्वांत निर्णायक परीक्षा. एका वेळीं एकच बदल, आणि त्यानंतर आधींच्या दोन बिघाडांत जितकें अंतर पडे त्याच्या तिप्पट दिवस वाट पाहणें. आमच्या हौशी तरुणांस हेंच जमत नाहीं. ते एका रविवारीं पांच गोष्टी बदलतात, आणि बरें वाटलें तरी कशानें वाटलें तें कोणासच कळत नाहीं.

पडद्यावर थंड असतांनाहि रंगीत चौकटी उमटत असतील तर मात्र बहुधा कार्डच दोषी. चकतीखालचे डाखाचे बारीक सांधे तापून-थंड होऊन तडकतात. २००८ सालीं एनव्हिडियानें अशाच दोषापायीं १५ ते २० कोटि डॉलर बाजूस काढून ठेविले होते. असें कार्ड भट्टींत भाजून बरें करण्याचा एक अघोरी प्रकार तरुणांत प्रचलित आहे. तो टिकत नाहीं, वॉरंटी जाते, आणि ज्या ओव्हनमध्यें केक करावयाचा त्यांत प्लॅस्टिकच्या वाफा भरतात.

वॉरंटीच्या मुदतींत पुन्हां पुन्हां "दोष नाहीं" असेंच उत्तर आलें, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम हाताशीं आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तु कोठूनहि घेतलेली असो, तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगांत करतां येते. धाराशिवच्या माणसानें पुण्यास खेपा घालण्याचें कारण नाहीं. किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार केली पाहिजे. आणि दोष नुसत्या पाहण्यानें ठरत नसेल तर आयोग वस्तु प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. तेथेंहि पहिला प्रश्न असतो तो तारखांचा. यंत्र परत पाठवितांना कार्ड हलणार नाहीं अशी उशी आंत द्यावी, वहीच्या पानांची छायाप्रत डब्यावर चिकटवावी, "उभें ठेवून तपासावें" असें ठळक अक्षरांत लिहावें, आणि मूळ वही घरींच ठेवावी.